चीफची अर्धी प्रदक्षिणा

चीफ गेले त्या दिवशी पुण्याला त्यांच्या मेव्हण्यांना मीच फोन केला. मेव्हण्यांचं वय ब्याऐंशी. कानातलं यंत्र ते फोनवर बोलताना काढून ठेवतात.

"दुपारी तीनला मंडाईला नेणार आहोत," मी सांगितलं.

"मंडईत?" ते म्हणाले. "आत्ता मंडईत कशाला?"

"मंडई नाही, मंडाई. इथलं स्मशान."

"भाजी उद्या आणा हो," ते म्हणाले. "आधी त्याचं बघा."

सिंगापूरची सरकारी दाहिनी मंडाई नावाच्या भागात आहे आणि पुण्याच्या माणसाला हे नाव कितीही वेळा सांगितलं तरी त्याला पालेभाज्याच दिसतात. चीफना हे बोलणं ऐकायला मिळालं असतं तर ते हसले नसते. त्यांनी ते लॉगबुकात लिहिलं असतं, वेळेसकट.

चीफ हे अर्थातच त्यांचं नाव नव्हतं. ते मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनिअर होते. निवृत्त होऊन सिंगापूरला राहिले, तरी मुलगी सोडून सगळे त्यांना चीफच म्हणत. हॉकर सेंटरमधला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांवरचा, कॉफीवाला म्हातारा अंकलसुद्धा. मी त्यांच्या ईस्ट कोस्टच्या फ्लॅटमध्ये नऊ वर्षं भाड्याने राहिलो. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत माझी नोकरी होती, अजून आहे. खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझा पगार, गाव, जेवणखाण यांतलं काही विचारलं नाही.

"आधी राहत होतास त्या घरात पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे होता?"

मला माहीत नव्हतं.

"किती राहिलास तिथे?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षं झोपलास म्हण," असं म्हणून ते मला आपल्या घरातला व्हॉल्व्ह दाखवायला घेऊन गेले. त्यावरून खोली मिळाली असं मी समजलो.

मला ते थर्ड म्हणत, म्हणजे थर्ड इंजिनिअर. स्वयंपाकघरात एक जाड वही दोरीने बांधलेली होती आणि तिच्यात घराची नोंद असे. "०६०० चहा. ०६१० दूध नासलं. कारण: थर्डने फ्रिजचं दार पुरतं लावलं नाही." दुसऱ्या दिवशी त्याखाली मी सही करायची. घरात दोनच माणसं, त्यामुळे कारण म्हणून बहुतेक वेळा मीच असायचो. ते स्वतः एकदा कारण झाले होते. चष्मा कपड्यांबरोबर मशीनमध्ये गेला होता. ती नोंदही त्यांनी त्याच अक्षरात केली आणि सही माझ्यासमोर केली.

वर्षातून दोनदा आम्ही प्रवासाला जायचो. माझ्या ऑफिसातले लोक बालीला जात, जपानला जात. चीफ फक्त जुन्या शहरांत जात आणि तिथे फक्त पॅगोडे बघत. सुखोथाई, लुआंग प्रबांग, बगान, मंडाले. राजवाडे, संग्रहालयं, बाजार यांत त्यांना रस नव्हता. बुद्धावर श्रद्धा होती असंही नाही. घरात देव म्हणून एक कॅलेंडर होतं. मला बरोबर का नेत, हे मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"आरसा धरायला माणूस लागतो," ते म्हणाले.

हे अक्षरशः खरं होतं. पॅगोड्यापाशी गेलं की बाकीचे लोक वर बघतात, सोन्याकडे, कळसाकडे. चीफ खाली बघत. पहिला प्रश्न ठरलेला: "पाणी कुठून जातं?" मग आम्ही पाणी कुठून जातं ते शोधायचो. त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत एक टॉर्च असे, लांब दांडीचा छोटा गोल आरसा, लाकडी हातोडी आणि काचेची एक गोटी. आरसा मी कपारीत धरायचा, टॉर्च ते मारणार. हातोडीने विटेवर हलकेच टकटक करून आवाज ऐकायचा. गोटी फरशीवर सोडून उतार कुठे आहे ते बघायचं. अशा ठिकाणी अनवाणी चालावं लागतं, म्हणून फरशी किती तापली आहे ते चीफ आधी हाताच्या पालथ्या बाजूने तपासत. जहाजावर बेअरिंग गरम झालंय का ते असंच बघतात म्हणे. "जास्त आहे," ते म्हणत, "दहा मिनिटं थांबू." दहा मिनिटांत बगानचं ऊन कमी होत नाही, पण आम्ही थांबायचो.

सुखोथाईला हातोडीचा आवाज ऐकून पहारेकरी शिट्टी वाजवत पळत आला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, चीफना थाई येत नव्हतं. चीफनी त्याचं बोट धरून आधी एका विटेवर वाजवायला लावलं, मग शेजारच्या विटेवर. शेजारची पोकळ वाजली. पहारेकऱ्याने पुन्हा वाजवून बघितली. नंतरचा पाऊण तास तो आमच्याबरोबर बोटांनी विटा वाजवत फिरला आणि जाताना त्याने चीफना सलाम केला. शिट्टी मात्र त्याने एकदा परत वाजवली, एका जर्मन बाईवर. ती नुसतीच टेकली होती.

बघून झालं की चीफ दोषांची यादी करत. मोठ्या अक्षरांत, इंग्रजीत, अनुक्रमांक घालून. ईशान्य कोपऱ्यात पाणी मुरतंय. तिसऱ्या पायरीवरचं पिंपळाचं रोप लगेच काढणे. ही यादी ते तिथल्या व्यवस्थापकांना देत, आणि व्यवस्थापक कोण ते कळलं नाही तर जो टेबलामागे बसलेला असेल त्याला. बगानला टेबलामागे एक आजोबा होते. त्यांनी यादी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि आत जाऊन बुद्धाच्या पायाशी फुलांत ठेवली. आम्ही दारातून बघत होतो.

"चीफ, त्यांना ती प्रार्थना वाटली."

"असू दे," ते म्हणाले. "योग्य अधिकाऱ्याकडे पोचली."

त्यांच्या फोनमध्ये चार देशांतल्या नाल्यांचे फोटो होते. माणसाचा एकही नव्हता, माझासुद्धा. लुआंग प्रबांगला मी पाचोळ्याखालची एक दगडी पन्हळ त्यांच्या आधी शोधून काढली, त्या दिवशी त्यांनी मला बढती देऊन सेकंड केलं. सिंगापूरला आल्यावर मी गॅसवर दूध ठेवून वाचत बसलो, तेव्हा परत थर्ड केलं. तीही नोंद वहीत आहे.

यादी देऊन झाल्यावर मात्र ते आणखी एक काम करत, आणि त्या वेळी त्यांचा आवाज जरा बदलत असे. जो कोणी भिक्षू, वाटाड्या, गाडीवान समोर असेल त्याला ते विचारत, "एखादा माणूस प्रदक्षिणेला निघाला आणि अर्ध्यातून परत फिरला, तर ती धरतात का?"

उत्तरं ते एका छोट्या वहीत लिहून घेत. सुखोथाईच्या वाटाड्याला वाटलं की साहेब दमले. तो म्हणाला, बाहेर जायचं फाटक इकडून जवळ आहे. लुआंग प्रबांगचा तरुण भिक्षू इंग्रजीचा सराव करत होता. त्याने एकूण अंतर किती असं विचारलं. बगानचा घोडागाडीवाला म्हणाला की उन्हाळ्यात सगळे अर्धीच करतात, घोडासुद्धा. सिंगापुरातल्या एका विहारात एका वृद्ध, विद्वान भिक्षूंनी मन म्हणजे काय इथपासून सुरुवात करून पाऊण तास समजावलं. चीफनी मान हलवत ऐकलं आणि बाहेर आल्यावर वहीत लिहिलं: "उत्तर टाळलं."

हा प्रश्न कुठून आला ते त्यांनी मला पहिल्याच प्रवासाहून परतल्यावर सांगितलं होतं. ईस्ट कोस्टच्या समुद्राकाठच्या बागेत आम्ही बसलो होतो, समोर नांगरलेली जहाजं होती. मशीन बिघडल्याचा अहवाल द्यावा तसं ते सांगत होते.

त्यांचं जहाज रंगूनला तांदूळ भरत होतं. ते यंगून कधी म्हणाले नाहीत. पुण्याला बायकोचं ऑपरेशन ठरलं होतं. पोटातली गाठ. यांनी घरी जायला रजा मागितली होती, बदली माणूस मिळाला नाही. तेव्हा मोबाइल नव्हते. जहाजाच्या एजंटच्या ऑफिसात निरोप यायचा, तो कारकून सायकलवरून आणून द्यायचा. त्या कारकुनानेच सांगितलं, बंदराजवळ पॅगोडा आहे, तिथे जा, सगळे जातात.

"मी नवस वगैरे बोललो नाही," चीफ म्हणाले. "जॉब घेतला. अकरा प्रदक्षिणा."

तिथे पॅगोड्याच्या कडेने वारांच्या मूर्ती असतात. ज्याचा जन्म ज्या वारी, त्याने त्या वाराच्या मूर्तीवर पेल्याने पाणी घालायचं. लोक पाणी घालत होते. चीफ निघाले, अर्ध्यापर्यंत आले, मागच्या बाजूला पोचले, आणि तिथे त्यांना दिसलं की पांढऱ्या फरशीवरून, पॅगोड्याच्या पायथ्यापासून बाहेरच्या कठड्यापर्यंत, वाटेवर आडवं पाणी वाहतंय.

"कोकणात आमचं घर महादेवाच्या देवळाला लागून," ते म्हणाले. "पाय आपोआप थांबले."

मराठी वाचकाला यापुढे काही सांगावं लागत नाही. महादेवाला अर्धी प्रदक्षिणा. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं ती पन्हळ ओलांडायची नाही, तिथून मागे वळायचं. लहानपणापासून पायांना लागलेली सवय. तिथे महादेव नव्हता हे डोक्याला माहीत होतं, पायांना नव्हतं. चीफ वळले आणि सगळ्या गर्दीच्या विरुद्ध दिशेने चालत परत आले. लोक बाजूला होऊन वाट देत होते, एका बाईने आपल्या मुलीला जवळ ओढून घेतलं. दारात कारकून सायकल घेऊन उभा होता. समुद्राच्या आधीच्या भरतीवरच निघायचं ठरलं होतं, जहाज तासाभरात सुटणार होतं. पुढच्या बंदरात निरोप मिळाला, ती ऑपरेशनच्या टेबलावरच गेली.

"तेराव्याला पोचलो," चीफ म्हणाले. "जेवण तयार होतं."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "वेळ मी कधी जुळवून बघितली नाही."

नंतर एकदा उत्तर लिहायला त्यांनी ती छोटी वही माझ्याकडे दिली आणि माझ्याकडून चुकून पहिलं पान उघडलं. ऑपरेशन सुरू: पुणे सव्वानऊ, रंगून सव्वादहा. परत फिरलो: अंदाजे साडेदहा. गेली: पुणे नऊ चाळीस, रंगून दहा चाळीस. तिथली घड्याळं आपल्यापेक्षा तासभर पुढे असतात. मी पान उलटून गाडीवानाचं उत्तर लिहिलं.

जहाजावर त्यांची ख्याती होती की अर्धं काम ते दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. वॉच, म्हणजे पाळी, संपली, बदलीचा माणूस बॅगा घेऊन शिडीपाशी उभा आहे, आणि चीफ पंप जोडून, चालवून, हात धुऊन मगच वर येणार. असा माणूस एक काम अर्धं सोडून आला होता. ते काम पुरं करायचं की नाही, आणि आता पुरं केलं तर ते धरलं जाईल का, हे त्यांना मरायच्या आधी कळायला हवं होतं. म्हणून हे सगळे पॅगोडे. फक्त रंगूनला ते जात नव्हते. कधी तिकडची परिस्थिती बरी नसे, कधी व्हिसाचं काही निघे, कधी पाऊस. परिस्थिती चांगली, व्हिसा सोपा आणि आकाश कोरडं असं एक वर्ष आलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की त्यांचे बूट दुरुस्तीला दिलेत.

"तिथे अनवाणीच चालायचं असतं ना?" मी म्हणालो.

"विमानतळावर नाही," चीफ म्हणाले.

मग त्यांचं हृदय बिघडलं. त्यांची मुलगी नोव्हेनातल्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती, पुण्याला मामाकडे वाढली. तिने बापाला स्वतः डॉक्टरकडे नेलं, स्वतः रिपोर्ट वाचले आणि मग आमच्या जेवणाच्या टेबलापाशी उभी राहून विचारलं, "बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते कळलं ना?"

"एक सिलिंडर बंद आहे म्हणाले."

"असं नाही म्हणाले."

"त्यांना इंजिनातलं कळत नाही. वेगळ्या शब्दांत म्हणाले."

"जिने नाही, ऊन नाही, लांब चालणं नाही."

"स्पीड कमी केला की एका सिलिंडरशिवाय बंदर गाठता येतं," चीफ म्हणाले. "मी गाठलेलं आहे. रंगूनचं तिकीट काढतोय."

ती खुर्ची ओढून बसली. या गोष्टीवर त्यांचं आधीही बोलणं झालेलं असणार, कारण तिने काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "आई गाठीने गेली, बाबा. तुम्ही कुठे वळलात म्हणून नाही."

"मी कुठे तसं म्हणतोय?"

"मग जायचं कशाला?"

"काम राहिलंय."

"काम! इतकी वर्षं झाली. आणि तिथे काही झालं तर? मी तेव्हाही इथे फोनपाशी बसून राहू का?"

मिठाची बाटली चीफनी टेबलाच्या बरोबर मधोमध आणून ठेवली. मुलगी माझ्याकडे वळली. "तुम्ही तरी सांगा ना यांना."

"मी बरोबर जाईन," मी म्हणालो. तिने हे सांगायला सांगितलं नव्हतं.

तिने तीन अटी घातल्या. विमानतळावर व्हीलचेअर, गोळ्यांची पेटी माझ्याकडे, आणि एकच प्रदक्षिणा, तीही सावकाश. चीफनी तिन्ही मान्य केल्या. व्हीलचेअरमध्ये बसल्यावर ते मला म्हणाले, "टो करून नेतायत. लिहून ठेव."

यंगूनमध्ये आम्हाला टॅक्सी चालवणारे एक म्हातारे चाचा मिळाले. त्यांचे आजोबा कधीतरी बिहारहून तिथे गेलेले, त्यामुळे त्यांना जुन्या धाटणीचं हिंदी येत होतं. सकाळी आठला आम्ही पॅगोड्याशी पोचलो. फार मोठा नाही, नदीकाठचा, सपाटीवरचा. ऊन तिरपं होतं. चीफनी बूट काढून नेहमीप्रमाणे पिशवीत घातले, फरशीला हाताची पालथी बाजू लावली आणि "चालेल," म्हणाले. यादी करायला त्यांनी कागद काढला नाही. पाणी कुठून जातं, असंही विचारलं नाही. ते थेट कडेकडेने मागच्या बाजूला गेले, प्रदक्षिणेच्या दिशेने, एकेक पाऊल मोजल्यासारखं टाकत. मी आणि चाचा मागून.

मागच्या बाजूला फरशी कोरडी होती. चीफ थांबले. पॅगोड्याच्या पायथ्याकडे गेले, वाकले, आरसा मागितला. मी धरला. कठड्याकडे गेले, तिथे बघितलं. पन्हळ नव्हती. बुजवल्याची खूण नव्हती. त्यांनी गोटी काढून फरशीवर सोडली. गोटी जरा थबकली आणि हळूहळू पॅगोड्याकडे गेली. त्यांनी ती उचलून चार पावलं सरकून परत सोडली. परत पॅगोड्याकडेच गेली.

"उतार आत आहे," ते म्हणाले. "आतलं पाणी बाहेर येऊच शकत नाही."

"साहब," चाचा म्हणाले, "यहाँ नाली तो कभी था ही नहीं."

"मी बघितलंय."

चाचांनी कोपऱ्यात झाडू मारणाऱ्या एका बाईंना हाक मारली. साठीच्या असतील, गालाला चंदनासारखा लेप लावलेला, बाजूला दोन बादल्या. चाचांनी त्यांना बर्मीत विचारलं आणि आम्हाला सांगितलं. ह्या लहान होत्या तेव्हापासून आठवड्यातून तीनदा इथे सेवेला येतात, बाकीचे दिवस दुसऱ्या बायका. आधी झाडतात, मग कठड्याजवळच्या नळाच्या बादल्या ओततात आणि पाणी आत लोटत नेतात. हे रोज सकाळी चालतं, साडेदहापर्यंत. पूर्वीही असंच.

चीफ त्या बाईंकडे बराच वेळ बघत राहिले. बाईंनी झाडू बाजूला धरून किंचित नमस्कार केला.

"त्यांना सांगा," चीफ चाचांना म्हणाले, "कोपरे स्वच्छ आहेत."

चाचांनी सांगितलं. बाई हसल्या.

"थर्ड," चीफ मला मराठीत म्हणाले, "मी फरशी धुतल्याचं पाणी बघून परत फिरलो."

त्यानंतर त्यांच्या घशातून एक आवाज आला. ते हसले की खोकले ते मला ठरवता आलं नाही. मी गोळ्यांची पेटी उघडली, त्यांनी हाताने नको केलं. आम्ही सगळे पुढच्या बाजूला आलो, तिथे एका पायरीवर ते बसले. छोटी वही काढली, पेन काढलं, आणि काही न लिहिता दोन्ही परत ठेवलं.

मी वाट बघून म्हणालो, "मग उरलेली अर्धी करून घेऊ या का?"

"अर्धी कुठली? ट्रायल फेल गेली की पहिल्यापासून. अकरा."

"ताईंना आपण एक सांगितलीय."

"तिला एक सावकाश सांगितलीय. अकरा सावकाश करू."

"चीफ, हे बरोबर नाही."

"मला माहीत आहे," ते म्हणाले आणि उठले.

एक फेरी साधारण दोनशे पावलांची होती. त्यांना सहा-सात मिनिटं लागत. दर फेरीला ते पायरीपाशी दोन मिनिटं बसत, अंगठा बोटाच्या पुढच्या पेरावर सरकवत आणि उठत. चौथ्या फेरीला मी पाणी दिलं, पाचव्याला गोळी. मागच्या बाजूला बाईंनी आता बादल्या ओतायला सुरुवात केली होती. प्रत्येक फेरीला चीफ त्या पाण्यापाशी येत, आणि दर वेळी मला त्यांच्या चालण्यात अर्ध्या पावलाची अडखळ दिसे. मग ते पाण्यात पाय घालून पुढे जात. एकदाही वळले नाहीत.

आठव्या फेरीला ते मागच्या बाजूलाच, अगदी अर्ध्यावर, कठड्याला धरून उभे राहिले. चेहरा राखेसारखा झाला होता. ओठ किंचित निळे. मी म्हणालो, "बस झालं. चला परत."

"परत कुणीकडून?" त्यांनी विचारलं.

खरंच, दोन्हीकडून अंतर तेवढंच होतं. बाईंनी बादली पालथी घालून त्यांना बसायला दिली. ते बसले. मी मनात त्यांच्या मुलीचा नंबर म्हणत होतो. पाच मिनिटं गेली असतील, दहासुद्धा. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि आम्ही आठवी पुरी केली, पुढच्या दिशेने. खांद्यावरचा हात फार हलका होता. पायरीवर बसल्यावर त्यांना श्वास पुरेना. नववी त्यांच्याने होणार नव्हती, हे त्यांना कळलं होतं आणि मला कळलं होतं. तीन राहिल्या होत्या.

"मी करतो," मी म्हणालो.

ते नदीकडे बघत होते. मी परत म्हणालो नाही. या माणसाने आयुष्यात अर्धं काम कुणाच्या हाती दिलं नव्हतं. चाचा बिडी न पेटवता हातात धरून उभे होते.

"इथे चालतं का असं?" चीफनी शेवटी चाचांना विचारलं. "एकाचं दुसऱ्याने?"

चाचांनी खांदे उडवले. "पाँव किसका, कौन देखता है साहब."

हे उत्तर त्यांनी वहीत लिहिलं नाही. मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं आणि मला म्हणाले, "जॉब घे."

मी निघालो. मला काय वाटत होतं ते इथे सांगण्यासारखं नाही. डाव्या हाताला नदी होती, उजव्या हाताला सोनं, आणि मी फक्त चालत होतो. नववी झाली. चीफनी घड्याळाकडे बघून मान हलवली. दहावी झाली, मान हलवली. अकरावीला मागच्या बाजूला पुष्कळच पाणी झालं होतं, बाई झाडूने ते लोटत होत्या. मी पुढे आलो, पायरीपाशी थांबलो आणि म्हणालो, "अकरा."

"बाद," चीफ म्हणाले.

"काय?"

"आधीच्या दोन्ही वेळा दोन मिनिटं चाळीस सेकंद लागले. आत्ता दोन-वीसला आलास. कुठे कापलंस?"

मी आठवून बघितलं. "मागे फरशी ओली होती. मी आतून आलो, पायथ्याच्या कोरड्या पायरीवरून."

"ओलीवरून चालायचं," चीफ म्हणाले. त्यांचा श्वास आता खाली आला होता. घड्याळ त्यांनी परत डोळ्यांसमोर धरलं. "जा. मी बसलोय."

मी परत गेलो. मागच्या बाजूला बाईंनी नुकतीच नवी बादली ओतली होती आणि मी बाहेरच्या कडेने येतोय हे बघून त्यांनी झाडू थांबवला. पाणी घोट्यापर्यंत उडलं. गार होतं.